कीट्सचा चेहरा कोणी जपला?



आपल्या वर्गाच्या भिंतीवर ज्ञानेश्वरांचे चित्र लावलेले आहे. मागच्या सत्रात छोट्या गटातल्या एकाने त्याच्याकडे बोट दाखवून विचारले, "हा फोटो कोणी काढला?" मोठी मुले हसली. पण प्रश्न काही हसण्यासारखा नव्हता. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. ज्ञानेश्वर होऊन गेले तेराव्या शतकात. म्हणजे आपण ज्यांना हात जोडतो तो चेहरा नंतरच्या चित्रकारांनी मनाने काढलेला आहे. त्यात वाईट काही नाही, पण ठाऊक मात्र असावे.

तेव्हा वर्गात बोलणे निघाले की १८३९ च्या आधी जी माणसे गेली ती खरी कशी दिसत होती हे कळायचे कसे? आम्ही मोठ्या गटाने ठरवले की एकाच माणसाची चित्रे शोधायची आणि ती कोणी, केव्हा, कशी काढली ते पाहायचे. माणूस निवडला जॉन कीट्स. एक तर आमच्यापैकी काहींना शाळेत त्याच्या कविता आहेत. दुसरे म्हणजे त्याचे घर लंडनमध्येच हॅम्पस्टेडला आहे, ट्रेनने जाऊन संध्याकाळी परत येता येते. आणि तिसरे कारण असे की आमच्या दोन-तीन आई-बाबांनी कॉलेजात असताना कीट्स परीक्षेसाठी पाठ केला होता, आणि तो अजून त्यांना सोडत नाही! (कवीला अरेतुरे करतो म्हणून रागावू नका. आपण तुकोबांनाही 'तुका म्हणे'च म्हणतो.)

आधी कीट्सची ओळख थोडक्यात. जन्म ३१ ऑक्टोबर १७९५, लंडनच्या मूरगेट भागात. वडील घोड्यांचा तबेला चालवत. ते घोड्यावरून पडून वारले तेव्हा जॉन आठ वर्षांचा होता. चौदाव्या वर्षी आई गेली, क्षयाने, म्हणजे टीबीने. मग तो एका सर्जनकडे उमेदवारीला राहिला, नंतर गाय्ज हॉस्पिटलात शिकला आणि १८१६ साली औषधे देण्याचा परवानाही त्याने मिळवला. आणि मग हे सगळे सोडून तो कविता करायला लागला! (हे वाचून कोणी आपल्या घरी असाच प्रयोग करू नये, असे पालकांनी सांगितले आहे.) त्याची फक्त ३ पुस्तके निघाली. तेव्हाच्या मासिकांनी त्याची टिंगल केली, तू आपला औषधाच्या दुकानात परत जा असे छापले. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोममध्ये तो क्षयानेच वारला, वयाच्या २५ व्या वर्षी. आज इंग्रजीतल्या सगळ्यांत मोठ्या कवींत त्याचे नाव घेतात.

आता चित्रांकडे वळू. पहिली गोष्ट चित्र नाहीच, तो मुखवटा आहे, आणि आम्हाला सगळ्यांत जास्त नवल त्याचेच वाटले.

बेंजामिन रॉबर्ट हेडन नावाचा एक चित्रकार कीट्सचा मित्र होता. तो प्रचंड मोठी चित्रे काढी. येशू ख्रिस्त जेरुसलेम शहरात प्रवेश करतो आहे असे एक चित्र तो कित्येक वर्षे रंगवत होता, आणि त्यातल्या गर्दीत त्याला खऱ्या माणसांचे चेहरे घालायचे होते. म्हणून १८१६ सालच्या अखेरीस त्याने कीट्सच्या चेहऱ्याचा प्लास्टरमध्ये साचा काढला. त्याच्या आधी त्याने कवी वर्ड्‌स्वर्थचाही असाच काढला होता. हे काम करतात कसे? केस मागे बांधतात, भुवयांना आणि कातडीला तेल चोपडतात, म्हणजे प्लास्टर चिकटत नाही. श्वास घेता यावा म्हणून नाकपुड्यांजवळ वाट मोकळी ठेवतात, पुष्कळदा नळ्या घालून. डोळे मिटायचे, तोंड मिटायचे, आणि वर ओले प्लास्टर थापायचे. ते सुकताना गरम होते. तेवढा वेळ हसायचे नाही, बोलायचे नाही, खोकायचे नाही! मग तो साचा अलगद उचलून त्यात पुन्हा प्लास्टर ओतले की चेहरा तयार. गणपतीची मूर्ती साच्यातून काढतात ते ज्यांनी पेणला पाहिले असेल त्यांना हे लगेच समजेल.

हा मुखवटा कीट्स २१ वर्षांचा असतानाचा आहे. त्याच्या प्रती हॅम्पस्टेडच्या घरात आणि लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. समोर उभे राहिले की जरा दचकायला होते. चित्रकार आपल्या मनाचे घालतो. इथे मध्ये कोणी नाही. नाकाची ठेवण, गालांची हाडे, रुंद तोंड, वरचा ओठ थोडा पुढे आलेला, जसेच्या तसे. तरीही हे अगदी खरे म्हणावे का? कीट्सची धाकटी बहीण फॅनी लग्नानंतर स्पेनमध्ये राहिली आणि १८८९ पर्यंत जगली. तिने हा मुखवटा पाहून सांगितले की भाऊ हुबेहूब असाच दिसे, फक्त तोंड तेवढे बरोबर आलेले नाही. आता विचार करा, ओल्या प्लास्टरचे ओझे अंगावर असताना ओठ आवळलेले नसतील तर काय! यंत्राने किंवा साच्याने काढले म्हणजे खरे, असेही नसते, हे आम्हाला या बाईंमुळे कळले.

मुखवट्यात डोळे मिटलेले असतात, म्हणून आणखी एक गोष्ट कायमची राहून गेली. कीट्सच्या डोळ्यांचा रंग कोणता? ज्यांनी त्याला पाहिले त्यांचेच एकमत नाही. कोणी तपकिरी लिहिले आहे, कोणी निळे. डोळे फार तेजस्वी होते, यावर मात्र सगळ्यांचे एकमत. केस तांबूस तपकिरी होते, आणि उंची जेमतेम पाच फूट. स्वतःच्या बुटकेपणावर तो पत्रांतून विनोद करी.

हेडनचे ते मोठे चित्र १८२० साली लंडनमध्ये लोकांना दाखवले. त्यातल्या गर्दीत मागे कीट्स आहे, वर्ड्‌स्वर्थ आहे, न्यूटनसुद्धा आहे! ते आता अमेरिकेत ओहायो राज्यात सिनसिनाटी येथे एका धार्मिक विद्यालयात आहे. तिकडे कोणाचे मामा-काका राहत असतील तर त्यांना सांगून ठेवावे.

दुसरा मित्र जोसेफ सेव्हर्न. हा कीट्सहून दोन वर्षांनी मोठा. त्याने कीट्सचे एक लघुचित्र काढले, म्हणजे हाताच्या तळव्यात मावेल एवढे छोटे चित्र. खिशात किंवा गळ्यातल्या लॉकेटमध्ये आपल्या माणसाचा चेहरा ठेवायची तेव्हा हीच सोय होती. १८१९ साली त्याला ते रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात मांडायचे होते. कीट्सला काही ते पटले नाही. एवढ्या मोठ्या प्रदर्शनात एवढेसे चित्र म्हणजे समुद्रात थेंब, अशा अर्थाचे त्याने सेव्हर्नला कळवले. सेव्हर्नने मांडलेच. पुढे ते चित्र फॅनी ब्रॉनकडे गेले. (फॅनी नावाच्या दोघी आहेत, घोटाळा करू नका. एक बहीण, ही दुसरी हॅम्पस्टेडची शेजारीण, आणि हिच्याशी कीट्सचे लग्न ठरले होते.)

तिसरा मित्र चार्ल्स ब्राऊन. त्याच्याच घरात कीट्स हॅम्पस्टेडला राहत होता. ब्राऊन व्यापारात पडलेला माणूस, चित्रकला हा त्याचा फावल्या वेळचा नाद. १८१९ च्या उन्हाळ्यात दोघे आइल ऑफ वाइट बेटावर शँक्लिनला राहिले होते तेव्हा त्याने पेन्सिलीने कीट्सला काढले. कीट्स मूठ गालाला टेकवून बसला आहे, केस विस्कटलेले आहेत, कुठेतरी बघतो आहे. बस्स, एवढेच. हे चित्र बरीच वर्षे ब्राऊनच्या कुटुंबातच राहिले आणि १९२२ साली नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला मिळाले. आमच्यात मतदान घेतले तेव्हा सगळ्यांत जास्त मते या चित्राला पडली. इतर चित्रांत कवी दिसतो. यात एक विशीतला मुलगा दिसतो, आपल्या ओळखीच्या कोणाच्याही मोठ्या भावासारखा.

यानंतरची गोष्ट दुःखाची आहे. छोट्यांना वाचून दाखवताना पालकांनी सांभाळून घ्यावे.

१८१८ च्या डिसेंबरात कीट्सचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला. त्याची शुश्रूषा कीट्सने स्वतः केली होती. १८२० च्या फेब्रुवारीत एका रात्री त्याला खोकल्यातून रक्त पडले. तो शिकलेला डॉक्टर. मेणबत्तीच्या उजेडात त्या रक्ताचा रंग बघूनच त्याने ओळखले की आपण यातून वाचत नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने शोधला १८८२ साली, म्हणजे त्यानंतर ६२ वर्षांनी. खरे औषध यायला तर विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. (आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशीसुद्धा याच रोगाने १८८७ साली गेल्या, एकविसाव्या वर्षी.) तेव्हाचे उपाय म्हणजे रक्त काढणे आणि उपाशी ठेवणे. ज्याला आधीच रक्त पडते आहे त्याचे आणखी रक्त काढायचे! उबदार हवेत जा, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणून १८२० च्या सप्टेंबरात तो जहाजाने इटलीला निघाला. सोबत जायला ऐनवेळी तयार झाला तो सेव्हर्न, २६ वर्षांचा.

रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांना लागून असलेल्या घरात दोघे राहिले. सेव्हर्न स्वयंपाक करी, पुस्तके वाचून दाखवी, भाड्याने आणलेल्या पियानोवर वाजवून दाखवी, आणि रात्ररात्र जागे. मध्येच डोळा लागला आणि मेणबत्ती विझली तर कीट्स अंधारात पडून राहील, म्हणून त्याने एक युक्ती केली. एका मेणबत्तीच्या बुडापासून दुसरीच्या वातीपर्यंत दोरा बांधला. पहिली संपत आली की दोरा पेटून दुसरी आपोआप लागे. एके रात्री कीट्सने ती अशी लागताना पाहिली आणि ही परीच दिवे लावते आहे असे म्हणून तो आनंदला. एवढ्या दुखण्यात!

अशाच एका रात्री सेव्हर्नने ते चित्र काढले. २८ जानेवारी १८२१, पहाटेचे ३ वाजलेले. उशीवर कीट्सचे डोके, डोळे मिटलेले, घामाने केस कपाळाला चिकटलेले, मागे गडद सावली. चित्राखाली सेव्हर्नने तारीख आणि वेळ घालून लिहिले आहे की झोप येऊ नये म्हणून हे काढले, आणि रात्रभर त्याला भयंकर घाम सुटला होता. प्रदर्शनासाठी नाही, पैशासाठी नाही. जागे राहण्यासाठी काढलेले चित्र! आमच्यापैकी एकीची आई नर्स आहे. तिने हे चित्र पाहिले आणि म्हणाली, "हे अगदी खरे आहे. रात्रपाळीला असे चेहरे आम्ही बघतो." त्यानंतर २६ दिवसांनी कीट्स गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या चेहऱ्याचा पुन्हा साचा घेतला, तसेच हाताचा आणि पायाचा. हा दुसरा मुखवटा पहिल्याशेजारी ठेवलेली छायाचित्रे पुस्तकांत असतात. चार वर्षांत चेहरा किती ओढला गेला ते दिसते. त्यावर आणखी लिहावेसे आम्हाला वाटत नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे खोलीतले सामान जाळून टाकले. घर मात्र आहे. तिथे १९०९ पासून कीट्स आणि शेली यांचे संग्रहालय चालते.

कीट्स गेल्यावर सेव्हर्नने आठवणीतून त्याला पुन्हा रंगवले. यातले सगळ्यांत प्रसिद्ध चित्र त्याने १८२१ ते १८२३ मध्ये काढले. त्यात कीट्स हॅम्पस्टेडच्या आपल्या खोलीत दोन खुर्च्या जवळ घेऊन बसला आहे, एकीवर बसून दुसरीवर हात टेकलेला, मांडीवर पुस्तक, दार बागेकडे उघडे. भिंतीवर शेक्सपियरचे चित्र आहे. त्याचीही एक गोष्ट आहे: १८१७ साली आइल ऑफ वाइटवर कीट्स भाड्याने राहिला होता, तिथे त्याला हे चित्र आढळले आणि फार आवडले, निघताना घरमालकिणीने ते त्याला देऊन टाकले. पुढे ते तो आपल्याबरोबर ठेवी. आता हे चित्र खरे मानायचे का? समोर माणूस नव्हता, आणि काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढून रोमची ती खोली गेली नसणार. आम्हाला वाटते, त्याला मित्र पुन्हा बरा झालेला पाहायचा होता. खुर्च्या, पुस्तक, बाग हे सगळे खरे असेल. चेहऱ्यावरची शांती ही सेव्हर्नने दिलेली. असे असूनही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पुष्कळदा हेच चित्र असते, आणि लोकांच्या मनातला कीट्स बराचसा सेव्हर्नचा आहे.

फॅनी ब्रॉनचे मात्र छायाचित्र आहे! ती १८६५ पर्यंत जगली, म्हणजे कॅमेरा येईपर्यंत. छायाचित्रात ती पन्नाशीची, लग्न झालेली, मुलाबाळांची बाई आहे. कीट्सने दिलेली अंगठी तिने जन्मभर बोटात ठेवली. ती हॅम्पस्टेडच्या घरात काचेआड पाहायला मिळते. सेव्हर्नचे ते छोटे चित्रही तिने चाळीस वर्षे जपले. उतारवयात पैशाची अडचण आली तेव्हा ते तिने कीट्सचे जुने स्नेही डिल्क यांना विकले. काही जण यासाठी तिला नावे ठेवतात. आम्हाला ते पटत नाही. परक्या देशात दिवस काढताना सोने मोडावे लागते हे आपल्यातल्या पुष्कळ आज्यांना ठाऊक आहे.

आता थडग्याविषयी. कीट्सला रोममध्ये परदेशी लोकांच्या दफनभूमीत पुरले. माझ्या थडग्यावर नाव घालू नका, ज्याचे नाव पाण्यावर लिहिलेले होते असा कोणी इथे आहे एवढेच लिहा, असे त्याने सांगितले होते. मित्रांनी नाव घातले नाही. पण सेव्हर्न आणि ब्राऊन यांना टीकाकारांचा इतका राग होता की त्यांनी वर आणखी कडवट ओळी घातल्या, आणि त्याबद्दल ब्राऊनला पुढे पश्चात्ताप झाला. वर एक वीणेसारखे ग्रीक वाद्य कोरले आहे, लायर नावाचे. त्याच्या काही तारा तुटलेल्या आहेत. दगडावर मृत्यूची तारीख २४ आहे, वास्तविक तो २३ च्या रात्री गेला.

ब्राऊन पुढे न्यूझीलंडला गेला आणि १८४२ साली तिथे न्यू प्लिमथ गावी वारला. त्याच्या थडग्यावर त्याची ओळख दिली आहे ती कीट्सचा मित्र म्हणून. सेव्हर्न ८५ वर्षांचा होऊन १८७९ साली रोममध्येच वारला, आणि १८८२ साली त्याला कीट्सच्या शेजारी हलवले. दोन्ही दगड सारखेच उभे आहेत. एकावर वाद्य, दुसऱ्यावर चित्रकाराची रंगांची पाटी. सेव्हर्नच्या दगडावर लिहिले आहे की हा जॉन कीट्सचा मित्र, शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होता. म्हणजे कीट्सच्या स्वतःच्या दगडावर त्याचे नाव नाही. ते शेजारच्या मित्राच्या दगडावर वाचावे लागते.

लंडनमध्ये त्याला पाहायचे असेल तर जागा बऱ्याच आहेत. हॅम्पस्टेडच्या चर्चमध्ये १८९४ साली अमेरिकेतल्या चाहत्यांनी दिलेला अर्धपुतळा आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीत १९५४ साली शेलीबरोबर त्याच्या नावाची पाटी लागली. गाय्ज हॉस्पिटलच्या आवारात २००७ पासून तो एका बाकावर बसलेला आहे, ब्राँझचा. शेजारी बसून फोटो काढता येतो. आणि २०२४ साली, त्याच्या जन्माच्या तारखेला, मूरगेटला एक नवे शिल्प उभे राहिले. ते हेडनने घेतलेल्या त्या मुखवट्यावरून केले आहे, पण कितीतरी मोठे. आम्ही ते पाहिले तेव्हा पाऊस पडत होता. ऑफिसातून सुटलेली माणसे छत्र्या सांभाळत बाजूने जात होती आणि कीट्स डोळे मिटून भिजत होता.

हॅम्पस्टेडच्या घराला जायचे असेल तर हॅम्पस्टेड हीथ स्टेशनवर उतरावे, तिथून चालत अगदी जवळ आहे. हे घर पाडायला निघाले होते. लोकांनी, विशेषतः अमेरिकेतल्या लोकांनी, पैसे जमवून ते वाचवले आणि १९२५ साली सर्वांसाठी उघडले. मुखवटा पाहायला विसरू नका. आणि जाण्यापूर्वी घरी आजी-आजोबांचा एक जुना फोटो शोधून तो कोणी, कुठे, केव्हा काढला ते विचारून ठेवा, आणि पुढच्या रविवारी फोटोमागे पेन्सिलीने लिहून वर्गात आणा. पेनने लिहू नये, शाई पुढे उतरते.

— मोठा गट